चोरी कुठे झाली, कधी झाली आणि कुणाला आधी माहीत होतं

इंदूरमध्ये बहुमजली इमारतीला 'मल्टी' म्हणतात. मल्टीत चोरी झाली की रहिवासी समितीची पहिली मागणी असते कॅमेरे वाढवा, दुसरी चौकीदार बदला. आमच्यासारख्या सुरक्षा-तपासणी करणाऱ्यांना बोलावणं येतं ते त्यानंतर, म्हणजे विमा कंपनीने दावा अडवला किंवा ज्याची गाडी गेली त्याने वकिलाची नोटीस धाडली की. तोवर प्रश्नच बदललेला असतो. चोर आत कसा शिरला यापेक्षा, तो शिरू शकतो हे समितीला आधीपासून माहीत होतं का आणि माहीत असून काय केलं, यावर सगळं अडतं. गुन्ह्यांच्या आकडेवारीचा खरा उपयोग या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. "एरिया कसा आहे?" याला आकडेवारीकडे धड उत्तर नसतं, आणि ज्याच्याकडे ते तयार असतं त्याच्यापासून जरा सांभाळून राहावं.

सुरुवात बहुतेक जण एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालाने करतात. त्यात वीस लाखांवर वस्तीच्या १९ महानगरांचे वेगळे तक्ते असतात आणि इंदूर त्यांत आहे. पण ते तक्ते शहराचे, गल्लीचे नव्हेत. शिवाय तिथे 'मुख्य गुन्ह्या'चा नियम चालतो: एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत जड शिक्षेचं तेवढं मोजतात. घरफोडी करताना खून झाला तर तो आकडा खुनात जातो, घरफोडीत दिसतच नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर एखादा आलेख टाकायला ठीक; मल्टीच्या मागच्या भिंतीबद्दल तो काही सांगत नाही.

खरा माल एफआयआरमध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकाव्या लागतात. इंटरनेटची अडचण असेल तिथे ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढते. ठाणं आणि तारखा देऊन त्या एकेक काढायच्या. एका मल्टीसाठी आम्ही ३६ महिन्यांच्या काढतो. वर्षाच्याच काढल्या तर दिवाळी एकदाच हाती लागते, उन्हाळ्याची सुट्टी एकदाच, आणि हंगाम कोणता, योगायोग कोणता ते कळत नाही.

एफआयआर उघडली की हकिगत वाचायच्या आधी वरचे रकाने बघायचे. तिसऱ्यात घटनेची तारीख 'पासून' आणि 'पर्यंत', वेळही तशीच, आणि समय अवधीपुढे 'पहर'. तीन तासांचा एक पहर. संगणकाच्या फॉर्मातही हा शब्द तग धरून आहे. त्याच्याच खाली, ठाण्यावर खबर कधी आली ते. पाचव्यात घटनास्थळ: ठाण्यापासून दिशा आणि अंतर, बीट नंबर (बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला गस्तीचा विभाग), पत्ता. आठव्यात उशिराचं कारण. नवव्या-दहाव्यात गेलेला माल आणि त्याची किंमत. घाईत लोक खबर आल्याची तारीख हीच घटनेची तारीख धरतात आणि मग सोमवारी चोऱ्या वाढतात असा शोध लागतो. सोमवारी चोऱ्या वाढत नाहीत. शनिवार-रविवार बाहेर गेलेली माणसं सोमवारी सकाळी ठाण्यावर जातात, इतकंच.

पत्त्याचा रकाना सर्वांत जास्त वेळ खातो. 'मंदिर के पास', 'गार्डन के सामने', 'फरियादी के मकान के बाहर' असं लिहिलेलं असतं. हे पत्ते एखाद्या नकाशा-प्रणालीला जसेच्या तसे दिले की जो पत्ता तिला कळत नाही तो ती कॉलनीच्या मध्यबिंदूवर टाकते. मग वीस-पंचवीस गुन्हे एकाच ठिकाणी साचून नकाशावर लालभडक ठिपका उमटतो, आणि तिथे जाऊन पाहावं तर बाकं टाकलेली बाग. म्हणून प्रत्येक नोंदीला आम्ही अचूकतेची श्रेणी देतो: प्लॉट नंबर असेल तर 'अ', गल्ली कळत असेल तर 'ब', नुसतं कॉलनीचं नाव असेल तर 'क'. 'क' श्रेणी मोजणीत घ्यायची, नकाशावर कधीच टाकायची नाही. आणखी एक गफलत नेहमीची: फरियादीचा राहता पत्ता घटनास्थळ म्हणून उतरवला जातो. सियागंजात बाइक चोरीला गेली आणि ठिपका पडला सुदामानगरात.

तक्ता भरतानाच फरियादीचं आणि आरोपीचं नाव, बापाचं नाव, जात, फोन हे सगळं गाळायचं. आपल्याला लागतात कलमं, तारखा, वेळा, जागा, पद्धत आणि माल. बाकीचं जवळ ठेवणं म्हणजे स्वतःच एक जोखीम पाळणं.

कलमांपाशी सध्या मोठा खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीच्या नोंदींत रात्रीची घरफोडी ४५७ आणि घरातली चोरी ३८०, नंतरच्या नोंदींत ३३१(४) आणि ३०५. साधी चोरी ३७९ ची ३०३(२) झाली. हे जोडायला सोपं आहे. जोडता न येणारी बाब म्हणजे झपटमारी, अंगावरची किंवा हातातली वस्तू हिसकावून पळणं. जुन्या संहितेत तिला स्वतंत्र कलम नव्हतं. साखळी ओढली तर ठाणेदाराच्या समजुतीप्रमाणे ३७९, ३५६ किंवा ३९२ लागायचं. नव्या संहितेत ३०४ हे कलम झपटमारीसाठीच आहे. नुसती कलमं मोजणाऱ्याच्या आलेखात इंदूरमध्ये झपटमारी १ जुलै २०२४ ला जन्माला येते. त्या तारखेआधीच्या चोरी-लुटीच्या एफआयआर हकिगतीसह वाचून हाताने वेगळ्या काढाव्या लागतात, त्याला पळवाट नाही. स्थानिक पोलिसी भाषाही कानात असावी लागते: 'नकबजनी' म्हणजे घरफोडी, 'माल मशरूका' म्हणजे चोरीला गेलेला माल, 'खात्मा' लागला म्हणजे तपास बंद, 'खारिजी' म्हणजे फिर्यादच खोटी ठरली. खारिजी झालेली एफआयआर पोर्टलवर तशीच पडून असते. ती गाळली नाही तर न झालेली चोरी तुमच्या तक्त्यात कायमची राहते.

ठाण्याची हद्द हे मोजमाप नव्हे. राजवाड्याभोवती सराफा, पंढरीनाथ, एम. जी. रोड ही ठाणी इतकी खेटून आहेत की ५०० मीटरचं वर्तुळ काढलं की एकाहून जास्त हद्दी आत येतात. मालमत्ता केंद्रस्थानी धरून २०० आणि ५०० मीटरची दोन वर्तुळं काढायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक ठाण्याचा डेटा घ्यायचा. वाटेत रेल्वेलाइन किंवा नाला आडवा आला तर वर्तुळ छाटायचं; हवेतून २०० मीटर असलेली वस्ती पायी दीड किलोमीटर असू शकते. उलट, उन्हाळ्यात कोरडा पडणारा नाला हाच रस्ता झालेला असतो. ते नकाशावर दिसत नाही, जाऊन बघावं लागतं.

पोर्टलवर जे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. 'सर्व एफआयआरच्या प्रती द्या' असा अर्ज केला की कलम ८(१)(ज) दाखवून, म्हणजे तपासाला बाधा येईल असं सांगून, तो परत येतो. बीट अमुक, मुदत अमुक, फक्त दिनांक, वेळ, कलम आणि घटनास्थळ असे चारच रकाने, नावं गाळून (कलम १० त्याची सोय देतं), असं मागितलं तर ३० दिवसांत काहीतरी हाती लागतं.

पण खरं सांगायचं तर सर्वांत बोलकी नोंद मल्टीच्याच आत असते आणि तीच कुणी तपासत नाही. हेल्मेट, सायकल, पेट्रोल, पितळी नळ, एसीचा तांब्याचा पाइप, यांसाठी ठाण्याची पायरी कोण चढतं? समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र सगळं तारीखवार असतं. "बेसमेंटचा लाइट परत बंद", "मागच्या गेटचं कुलूप कोणी काढलं?" असे दोन वर्षांचे संदेश शोधून तक्त्यात घालायचे. याच संदेशांना दुसरी धारही आहे: उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर समितीला माहीत होतं याचा पुरावा तोच. चौकीदाराचं रजिस्टरही उघडून बघावं. रात्री १२, १, २, ३, ४, प्रत्येकापुढे 'सब ठीक', एकाच पेनाने, एकाच तिरक्या हातवळणाने, ओळ जराही न ढळता. आणि पुढच्या पानावर उद्याच्या तारखेचे दोन वाजेपर्यंतचे 'सब ठीक' आधीच लिहून ठेवलेले. असं रजिस्टर नसलेलं बरं. ते दाखवून समिती सुटत नाही, उलट देखरेख नव्हती हे सिद्ध होतं.

आता वेळ काढायची. जेल रोड, लोकमान्यनगर, वैशालीनगर या भागांतल्या मराठी घरांचा एक ठरलेला प्रकार आहे: मुलगा पुण्याला, आईवडील वर्षातून दोनदा त्याच्याकडे. शुक्रवारी रात्री ८ ला कुलूप लागलं, रविवारी रात्री ८ ला परत आले, तेव्हा घर फोडलेलं. चोरी कधी झाली? अनेक तक्त्यांत मधली वेळ धरतात, म्हणजे शनिवार रात्री ८. मल्टीत सर्वांत वर्दळ असते ती वेळ! अशा बऱ्याच नोंदी मिळाल्या की भलत्याच तासाला उंच खांब उभा राहतो आणि समिती त्या तासाला दुसरा चौकीदार नेमते. बरोबर रीत म्हणजे एक गुन्हा ४८ तासांवर सारखा वाटणं, प्रत्येक तासाला १/४८. ज्या नोंदीत वेळ नेमकी आहे तिचा पूर्ण १ एकाच तासात पडतो, अंदाजाच्या नोंदी पातळ पसरतात. सगळ्यांची बेरीज केली की नेमक्या नोंदींचा आवाज वर येतो. साध्या स्प्रेडशीटमध्ये १६८ रकाने, आठवड्याच्या प्रत्येक तासाला एक, एवढ्यावर हे काम होतं.

तास का महत्त्वाचे ते सराफ्यात उभं राहिलं की कळतं. दिवसा सोन्याचांदीची पेढी, ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाऊची चौपाटी, मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी. गर्दीत खिसा आणि मोबाइल जपायचा, पण तोवर शटरला हात लावायची कुणाची हिंमत नाही. खाऊची दुकानं उठल्यापासून उजाडेपर्यंतचे मोजके तास पेढीसाठी वेगळे. सराफ्याचा 'रात्रीचा' एकच आकडा काढला तर हे दोन काळ एकमेकांत मिसळतात आणि आकडा दोन्हींबद्दल खोटं बोलतो.

छोट्या संख्यांचा मोह आवरावा लागतो. गेल्या वर्षी दोन, यंदा चार, म्हणजे 'शंभर टक्के वाढ', ही भाषा अहवालात येऊ द्यायची नाही. समजा एका वर्तुळात वर्षाला सरासरी ६ घरफोड्या होतात. काहीही बदललेलं नसताना एखाद्या वर्षी १० किंवा त्याहून जास्त होण्याची शक्यता साधारण ८ टक्के असते, म्हणजे सरासरी बारा वर्षांतून एकदा तसं होतंच. भागाकार कशाने करायचा तेही ठरवावं लागतं. विजयनगरच्या मॉलभोवतीच्या वाहनचोऱ्या तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागल्या तर भाग भयंकर दिसतो. तिथे रोज लागणाऱ्या गाड्यांनी भागाव्यात. गाड्या मोजायला कुणी नसतं, मग आपणच एक दिवस पार्किंगच्या पावत्या मोजायच्या.

एक निष्कर्ष मात्र इतका पक्का आहे की त्यावर लगेच कृती ठरवता येते. पाच देशांतल्या दहा ठिकाणच्या घरफोड्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका घरात चोरी झाली की जवळपास २०० मीटरच्या आतल्या घरांना पुढचे किमान दोन आठवडे धोका वाढलेला दिसला. तेव्हा २०० मीटरच्या वर्तुळात नकबजनी झाली की १४ दिवस रात्रीच्या फेऱ्या दुप्पट आणि बंद घरांची यादी चौकीदाराच्या हाती, असा नियम समितीच्या ठरावातच घालून घ्यावा. यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये, एवढं सांगावं लागतं. लोक टाकतात.

नकाशा झाला की प्रत्यक्ष पाहणी, दोनदा: रात्री ११ ला आणि पहाटे ३ ला. ११ ला सगळ्या बाल्कन्यांचा उजेड पार्किंगमध्ये सांडत असतो, ३ ला फक्त समितीचा दिवा उरतो. कॅमेऱ्याचं गणित तिथेच करायचं. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटायला मीटरला २५० पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. २५० ने भागले की ७.६८ मीटर. म्हणजे १२ मीटर रुंदीचं आवार एकाच कॅमेऱ्यात घेतलं की मीटरला १६० पडतात: शेजारचा जोशींचा मुलगा कळेल, चोर कळणार नाही. आवार दिसू दे, पण गेटच्या अरुंद फाटकावर एक कॅमेरा चेहऱ्यांसाठीच लावा, हे पटवायला हा भागाकार पुरतो.

साठवणुकीत तर दर दुसरी मल्टी नापास होते. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटने चालला तर दिवसाला ४३.२ जीबी खातो. १६ कॅमेरे म्हणजे रोज ६९१ जीबी, आणि डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, असते ४ टीबीची डिस्क. सहा दिवसही पुरत नाही. समितीला मात्र कुणीतरी बसवताना 'पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग' सांगितलेलं असतं आणि पुण्याला गेलेली मंडळी दहा दिवसांनी परतलेली असतात. तुलनेसाठी, बँकांना लॉकर-खोलीच्या ये-जा करण्याच्या जागेचं चित्रण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमान १८० दिवस ठेवावं लागतं. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून फरक मिनिटांत लिहून ठेवा. ते मागे-पुढे असलं की वरचा सगळा तासांचा हिशेब आणि पुरावा, दोन्ही डळमळतात. चित्रण न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासह, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासह. त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक प्रत चालत नाही हे जुन्या कायद्यातल्या ६५-ब कलमाबाबत २०२० मध्येच पक्कं झालं होतं.

मग जबाबदारी. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये टिंबरवॉक अपार्टमेंट्सच्या खटल्यात मालकाला गुन्ह्याची कल्पना यायला हवी होती का हे तपासायला पाच गोष्टी बघितल्या: आधीचे गुन्हे किती जवळ, किती अलीकडे, किती वेळा, किती सारखे, आणि त्यांचा किती बोभाटा झालेला. आपल्याकडे ही कसोटी बंधनकारक नाही, पण तक्ता लावायला यापेक्षा चांगली चाळण आम्हाला मिळालेली नाही. मोबाइल झपटमारीच्या दहा नोंदींवरून बेसमेंटमधल्या गाडीचोरीची कल्पना यायला हवी होती असं म्हणता येत नाही. गुन्हा सारखा असावा लागतो.

इथला कायदा ताबा आणि मोबदला या दिशेने चालतो. गाडीची किल्ली घेतली, टोकन दिलं, तर करार अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तितकी काळजी घ्यावी लागते. २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हॅले पार्किंगमधून गेलेल्या मोटारीसाठी हॉटेलला जबाबदार धरलं. 'मालकाच्या जोखमीवर' हे टोकनवरचं वाक्य निष्काळजीपणा झाकायला पुरलं नाही. 'वाहन अपनी जिम्मेदारी पर खड़ा करें' ही पाटी लावून निर्धास्त झालेल्या दुकानदारांना हे सांगावं लागतं. चौकीदार एजन्सीचा असेल तर खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचा परवाना मागा आणि करारातली नुकसानभरपाईची मर्यादा वाचा; बऱ्याचदा ती एका महिन्याच्या बिलापुरतीच असते.

विम्यात वेगळाच पेच आहे. बर्गलरी पॉलिसीत चोरीबरोबर बळाचा वापर असावा लागतो, आणि पॉलिसीचे शब्द तसेच्या तसे वाचायचे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या हरचंद राय प्रकरणात ठरलं. एफआयआरमध्ये 'ताला तोड़कर' आहे की 'ताला खुला मिला', यावर दावा तरतो किंवा बुडतो. तुटलेला कोयंडा पंचनाम्याआधी सुतार बोलावून बदलला की पुराव्याचीच रद्दी होते.

अहवालात 'हा भाग असुरक्षित आहे' असं वाक्य आम्ही लिहीत नाही. नोंदलेले गुन्हे दाखवतात तक्रार कुठे झाली; आणि ते विशेषण एकदा शेजारच्या वस्तीला चिकटलं की निघत नाही. लिहायचं ते इतकं: मागच्या भिंतीलगत, पहाटे २ ते ५, एसीच्या पाइपांची चोरी, अमुक नोंदी, अमुक तारखेला डाउनलोड केलेल्या. आणि अहवाल हातात पडला की समितीला माहीत नव्हतं हा बचाव संपतो, हे काम सुरू करण्याआधीच अध्यक्षांना सांगतो. काही जण त्यावर अहवाल तोंडीच मागतात. तोंडी देत नाही.

शेवटच्या पानावर पाच रकान्यांचा तक्ता असतो: काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, अंदाजे खर्च. चार आम्ही भरून देतो. पाचवा समितीने सभेत, इतिवृत्तात नोंदवून, स्वतःच्या हाताने भरायचा असतो: 'नाही केलं तर का'.